रुक्माबाईंचं गाडी टॉकीज

माझ्या सासूबाईंनी, पार्वतीबाईंनी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत सिनेमा पाहिला नव्हता. हिंगोलीला टॉकीज होतं, नांदेडलाही होतं, आणि वारंगा फाट्यावरून दोन्हीकडं एसटी जायची. पण बाईनं सिनेमाला जायचं म्हणजे नेणार कोण, बसायचं कुणाशेजारी, परत कधी यायचं, असे इतके प्रश्न की त्यापेक्षा न गेलेलं बरं. मग १९८१ साली सिनेमाच त्यांच्या शेतात आला. तो आणला रुक्माबाईंनी.

रुक्माबाई आता त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि फाट्यापासून दोन किलोमीटरवर आमच्याच गावात राहतात. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा त्यांचं टॉकीज बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. त्यामुळं मी सांगते त्यातलं निम्मं सासूबाईंकडून ऐकलेलं आहे आणि निम्मं खुद्द रुक्माबाईंकडून. दोघींचं जिथं जुळत नाही तिथं मी रुक्माबाईंचं धरलंय. सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

त्यांचे नवरे ग्यानोबा एका फिरत्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. औंढ्याच्या जत्रेपासून माहूरपर्यंत तंबू घेऊन फिरायचं, वर्षातले सहा महिने घराबाहेर. मालक म्हातारा झाला, मुलांना धंदा नको होता. त्यानं आवरतं घेतलं तेव्हा सोळा एमएमचं जुनं मशीन, जनरेटर आणि ठिगळं लावलेला तंबू ग्यानोबांच्या हवाली केला. ग्यानोबा ते सगळं ट्रकवर लादून घरी आले आणि अंगणात ठेवून त्याच्याकडं बघत बसले. मशीन कसं चालवायचं ते त्यांना झोपेतही आलं असतं. टॉकीज कसं चालवायचं ते मात्र माहीत नव्हतं.

"आता फिरायचं न्हाई," रुक्माबाई म्हणाल्या. "लोकं फाट्यावर येतातच की. नांदेडचे येतात, हिंगोलीचे येतात, बाजाराचे येतात. तुमी कशाला हिंडता? एका जागी बसा, लोकं येतील."

जागा बघितली ती माझ्या सासऱ्यांची. संतराम हे माझे सासरे. त्यांची रस्त्याला लागून दोन एकर बरड होती, तिच्यात कुसळीशिवाय काही उगवायचं नाही. ग्यानोबा आणि रुक्माबाई दोघंही विचारायला आले. सासरे ओट्यावर बसले होते. ग्यानोबांनी सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात बंद, संतरामभाऊ. दिवाळी झाली की चालू, मिरगाला आवरायचं."

"मंग लावा. माझी कुसळी तरी तुडवली जाईल."

बौद्धवाड्यातल्या माणसाला रस्त्याकडची जमीन दिली म्हणून गावात थोडी कुजबुज झाली. एकदोघांनी सासऱ्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बरड माझी हाय," आणि तंबाखू मळत राहिले. विषय तिथंच संपला, निदान त्यांच्यापुरता.

परवान्यासाठी परभणीला खेपा झाल्या, कारण हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. फेब्रुवारीत तंबू उभा राहिला. जाहिरातीला नांदेडहून एक माणूस ठरवला. तो रंगीत शर्ट घालून भोंग्यावर फर्डं हिंदी बोलायचा आणि प्रत्येक सिनेमाला "ऐसा खेल न भूतो न भविष्यति" म्हणायचा. पुरुष यायचे, थोडे ट्रकवाले यायचे. बाई एकही यायची नाही. रुक्माबाई रोज तंबूच्या दाराशी उभ्या राहून मोजायच्या आणि रोज शून्यावर थांबायच्या.

एप्रिलात एका दुपारी वावटळ आली आणि तिच्यामागून वादळ. तंबू फुगला, दोर तुटले, आणि अख्खा तंबू उडून शेजारच्या ओढ्यात जाऊन पडला. बाभळीच्या काट्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. मशीन लोखंडी पेटीत होतं म्हणून वाचलं. मांजरपाटाचा पडदा दोन बल्ल्यांमध्ये घट्ट ताणलेला होता, तोही कसा कोण जाणे, राहिला. वादळ गेल्यावर भर बरडात एकटा पांढरा पडदा उभा.

नांदेडचा माणूस संध्याकाळी आला, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बिना तंबू का टॉकीज? मैं इसकी पब्लिसिटी नहीं करता." आणि आल्या एसटीनं परत गेला.

ग्यानोबा खाली बसले. रुक्माबाई मात्र रस्त्याकडं बघत होत्या. बाजार करून परतणाऱ्या तीन बैलगाड्या रस्त्याच्या कडेला थांबल्या होत्या. गाड्यांतली माणसं पडद्याकडं बघून आपसात बोलत होती, आणि त्यांत बायका होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला होता, पण त्या बिनधास्त बघत होत्या, कारण त्या आपल्या गाडीत होत्या.

"अवं," रुक्माबाई म्हणाल्या, "तंबू कशाला पायजे? गाडी हाय की. गाडी म्हंजी आपलं घर. बाई आपल्या घरात बसून पाहील. तिच्या बाजूला तिचीच मानसं. कोन कोनाशेजारी बसला ह्याची पंचाईतच न्हाई."

"आनि बैलं?"

"बैलं सोडायची. बैलाला कशाला सिनेमा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांची गाडी मागून घेतली आणि बरडावर उभी करून बघितली. बैल सोडले की गाडीचं जू जमिनीला टेकतं, गाडी पुढं झुकते. पुढचा माणूस खाली, मागचा उंच. शहरातल्या टॉकीजमध्ये खुर्च्या जशा चढत्या असतात, अगदी तसं. खाली कडब्याचा थर दिला की घसरायला होत नाही. रुक्माबाई स्वतः गाडीत पुढं बसून बघून आल्या, मध्ये बसून आल्या, मागं बसून आल्या. मग त्यांनी राखेनं जमिनीवर रेघा आखल्या. एका रांगेत नऊ गाड्या, दोन गाड्यांमध्ये माणूस जाईल एवढं अंतर. तिकीट माणशी नाही, गाडीमागं. गाडीत किती बसायचं ते गाडीवाल्यानं ठरवावं.

बैलांसाठी मागच्या लिंबाखाली दावणी झाल्या. तिथं तांड्यावरचे हिरासिंग राखणीला बसू लागले. हिरासिंगांना पडद्यापेक्षा बैल जास्त आवडायचे, त्यामुळं पडद्याकडं पाठ करून बसायला त्यांची हरकत नव्हती.

राहिला प्रश्न गावोगाव सांगायचा. भोंगा होता, बॅटरी होती, बोलणारा नव्हता. ग्यानोबांनी घरात माईक हातात घेऊन बघितला. त्यांच्या तोंडून "ऐका हो" एवढंच आलं, तेही हळू. रुक्माबाईंनी माईक काढून घेतला.

"तू?" ग्यानोबा म्हणाले. "लोकं काय म्हंतील?"

"लोकं म्हंतील, बाई बोलून राहिली. तेच तर पायजे. मान वर करून पाहतील तरी."

हिरासिंगांची गाडी, तिच्यावर भोंगा बांधलेला, आत रुक्माबाई. पहिलं गाव आमचंच. सासूबाई अंगणात ज्वारी निसत बसल्या होत्या. भोंग्यातून आपलं नाव ऐकून त्यांच्या हातातलं सूप पडता पडता राहिलं.

"पार्वताबाई, तुमी ज्वारी निसून राहिल्या, निसा. पन कान इकडं द्या. एक नवी नवरी सासरी आली. संग एक पेटी घेऊन आली. पेटीला कुलूप. सासू म्हंती उघड. ननंद म्हंती उघड. जावा रात्रंदिस पेटीच्या मागं. ती काय उघडंना. म्हंती, जीव घ्या पन पेटी मागू नका."

सासूबाई उठून दाराशी आल्या. "काय हाय पेटीत?"

"ते म्या इथंच सांगितलं तर सिनेमा कोन पाहील? आज दिवे लागायला, तुमच्याच बरडावर. गाडी घेऊन या. संग लेकरं आना, सासू आना, भाकर बांधून आना."

गाडी पुढं गेली. पुढच्या घरी दुसरं नाव, तीच पेटी. रुक्माबाईंनी एका हिरोचं नाव घेतलं नाही, एका हिरोइनीचं घेतलं नाही. त्या फक्त गोष्ट सांगायच्या आणि नेमकी तिथं थांबायच्या जिथं थांबायला नको. गोष्ट आधी त्यांना ठाऊक असायची, कारण रिळांची पेटी आली की दुपारीच ग्यानोबा आमच्या आखाड्यात, म्हणजे शेतातल्या बैल बांधायच्या छपरात, भिंतीला धोतर लावून रिळं तपासायचे आणि रुक्माबाई समोर बसायच्या.

त्या संध्याकाळी अकरा गाड्या आल्या. सासूबाई घरातल्या सात बायका घेऊन गेल्या. सासरे गाडी हाकत होते आणि सारखं म्हणत होते की मला काही बघायचं नाही, मी फक्त सोडायला आलोय. सिनेमा संपेपर्यंत ते गाडीतच बसून होते. पेटीत नवरीच्या मेलेल्या आईचं लुगडं होतं. सासूबाई घरी येईपर्यंत रडत होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाल्या, "लई छान होता."

पुढच्या दोन वर्षांत गाड्या वाढत गेल्या. कळमनुरीच्या बाजूनं यायच्या, हदगावकडून यायच्या, तांड्यावरून हिरासिंगांच्या मागं आठ-दहा गाड्या एकदम यायच्या. एका गाडीत सत्तावीस माणसं आल्याचं सासूबाई सांगतात. रुक्माबाई म्हणतात तेवीस. गाडीचा कणा त्या दिवशी मोडला यावर मात्र दोघींचं एकमत आहे.

भोंग्याचा उपयोगही वाढला. रुक्माबाई गावात शिरल्या की बायका आपली कामं सांगायच्या. हिरासिंगांच्या बायकोची, रूपाबाईंची, कानावर पांढरा ठिपका असलेली शेळी हरवली, ती भोंग्यावर सांगितल्यामुळं तिसऱ्या गावात सापडली. कुणाच्या म्हशीला दूध वाढलंय, कुणाला माळवं विकायचंय, हेही सिनेमाच्या गोष्टीत मधे यायचं. "नवरी पेटीवर डोकं ठेवून झोपली... आनि शिंद्याच्या घरी वांगी लई निघून राहिली, ज्याला पायजे त्यानं जावं... झोपली तशी पेटी हालली!"

अडचणीही यायच्या. एका मारामारीच्या सिनेमात बंदुका वाजल्या आणि दोन बैल दावं तोडून थेट डोंगरकडा गावापर्यंत गेले. हिरासिंग दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घेऊन परतले तेव्हा रागानं लाल झाले होते. त्यानंतर रुक्माबाई मशीनजवळ माईक घेऊन बसायच्या आणि बंदुका यायच्या आधी सांगायच्या, "हिरासिंगभाऊ, बैलं धरा. आता गोळ्या हायत." सगळ्या गाड्यांना कळायचं की आता कुणीतरी मरणार. कुणाची तक्रार नव्हती. उलट बायका लेकरांचे कान झाकून तयार बसायच्या.

आता सांगते ते १९८४ च्या मार्चमधलं. चार जावांचा एक मराठी सिनेमा येणार होता. रुक्माबाईंनी तो आधी हदगावला पाहिलेला होता, म्हणून चार दिवस आधीच बारा गावं फिरून झाली. थोरली जाऊ कशी, धाकटी कशी, मधल्या दोघी कशा, सगळं रंगवून झालं. रिळांची पेटी दुपारी ज्या बसनं यायची ती वाटेत खोळंबली, आणि पेटी हातात पडली तेव्हा सूर्य कलला होता. आखाड्यात तपासायला वेळच नव्हता. पेटीवरची चिठ्ठी बरोबर होती. तिकडं बरडावर राखेच्या रेघा संपून गाड्या बांधापर्यंत गेल्या होत्या. एकसष्ट गाड्या. रुक्माबाई तो आकडा अजून सांगतात.

ग्यानोबांनी मशीन चालू केलं. पडद्यावर अक्षरं आली. गोल गोल, जिलेबीसारखी. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ह्ये काय लिवलंय?" मग पडद्यावरचा माणूस बोलायला लागला आणि त्याच्या तोंडून तेलुगू बाहेर पडली.

पाठवणाऱ्याच्या गोदामात रिळं बदलली होती. चिठ्ठी एका सिनेमाची, माल दुसऱ्याचा. ग्यानोबांनी मशीन थांबवलं. एकसष्ट गाड्यांमध्ये गलका सुरू झाला. मागून एकजण शिटी मारू लागला. लांबच्या गावांहून आलेली माणसं बैल जुंपायला उठली.

"आता कसं?" ग्यानोबा म्हणाले. "पुन्यांदा कोनी यायचं न्हाई बघ."

रुक्माबाई लहान असताना त्यांचे आईवडील तेलंगणात बोधनकडं उसाच्या कामाला जायचे. चार हंगाम त्या तिथल्या पोरांत खेळल्या होत्या. तेलुगू त्यांना बोलता यायची नाही, पण कानावरून गेलेली होती. भाकर मागणं, भांडणं, शिव्या, लाड, एवढं कळायचं. त्यांनी माईक उचलला.

"ऐका," त्या म्हणाल्या. गलका थांबला नाही. "ऐका म्हन्ते ना!" थांबला.

"पेटी बदलली. चार जावांचा सिनेमा आला न्हाई. चूक आमची. आमी उघडून पाहायला पायजे होतं. ज्याला जायचं त्यानं जावं, उद्या चार जावा येतील, तवा तुमची गाडी बिनतिकिटाची. पन ज्याला बसायचं त्यानं बसावं. ह्यो सिनेमा तेलुगू हाय. मला थोडी समजती. म्या सांगत जाते. चुकलं तर माफ करा."

"तुला सगळी समजती का?" ग्यानोबांनी दबक्या आवाजात विचारलं. माईक चालू होता, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"निम्मी," रुक्माबाई म्हणाल्या. तेही सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले आणि बैल जुंपायला गेलेले दोघंतिघं परत येऊन बसले.

मशीन सुरू झालं. पडद्यावर एक माणूस मळ्यातून घरी आला. रुक्माबाईंनी त्याला ताबडतोब नाव देऊन टाकलं. "ह्यो नागोराव. चांगला मानूस हाय, पन रागीट. ही त्याची बायको. लई गुनाची. ताट वाढून राहिली. तो म्हंतो, भूक न्हाई. ती म्हंती, कोनाचा राग माझ्या भाकरीवर काहून काढता?"

दहा मिनिटं असं चाललं. नागोराव आणि त्याची बायको यांचा संसार सगळ्यांच्या ओळखीचा झाला. मग पडद्यावर सनई वाजायला लागली, आणि नागोरावची बायको नवरी होऊन दुसऱ्याच माणसाशेजारी बोहल्यावर उभी राहिली.

भोंग्यातून रुक्माबाईंचा आवाज आला, "थांबा, थांबा. माझं चुकलं. ती बायको न्हाई. बहीन हाय."

सासूबाई सांगतात की एवढं हसणं त्या बरडावर त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. माणसं गाड्यांच्या दांड्या धरून हसत होती. सासऱ्यांना ठसका लागला. बैलांकडून हिरासिंग ओरडून विचारत होते, "काय झालं? काय झालं?" आणि कुणालाच सांगायला श्वास मिळत नव्हता.

त्यानंतर कुणी हललं नाही. रुक्माबाईंना धीर आला. गाणं लागलं की त्या गप्प बसायच्या. "गान्यात काय सांगायचं, तुमीच ऐका." खलनायक आला की त्याची ओळख दोन वाक्यांत व्हायची. "ह्याची नजर बहिनीच्या नवऱ्याच्या जमिनीवर हाय. मिशीवरूनच कळतं." रीळ बदलायला ग्यानोबांना वेळ लागायचा, तेव्हा गाड्यांतून प्रश्न यायचे. बहिणीला सासरी त्रास होईल का? नागोराव जमीन सोडवून आणील का? रुक्माबाई म्हणायच्या, "मला काय ठाव? म्या बी तुमच्यासंगच पाहून राहिले."

तिसऱ्या रिळात कोर्ट आलं. वकील लांबच लांब बोलू लागला. बोधनच्या उसात असले शब्द नव्हते. रुक्माबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "ह्यो वकील काय बोलून राहिला मला समजंना. तसं वकिलाचं कोनालाच समजत न्हाई."

रस्त्याच्या कडेला काही ट्रक थांबले होते. त्यातला एक ड्रायव्हर तेलंगणातल्या निर्मल गावाकडचा होता. आपली भाषा ऐकून तो जेवण टाकून येऊन उभा राहिला होता. तो तिथूनच ओरडला, "अम्मा, वकील बोल रहा है, कागज पे अंगूठा नागोराव का नहीं है!" त्यालाही आता हिरो नागोरावच वाटत होता. रुक्माबाईंनी त्याला मशीनजवळ बोलावलं, बसायला खोकं दिलं, आणि कोर्टाचं काम त्या दोघांनी मिळून पार पाडलं. तो हिंदीत सांगायचा, त्या मराठवाडी करून भोंग्यात सोडायच्या. नागोराव सुटला. बहीण घरी आली. शेवटी सगळे गाडीत बसून देवाला निघाले तेव्हा बरडावरच्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी योग्य पेटी आली. चार जावा आल्या. लोकांनी त्या पाहिल्या, पण मधून मधून आवाज येत होते, "नागोराव लावा!" दोन दिवसांनी तेलुगू पेटी परत जायची होती. त्याआधी तो सिनेमा आणखी एकदा लावावा लागला, आणि या खेपेला रुक्माबाईंनी मुद्दाम बहिणीला बायकोच म्हटलं, कारण लोक त्याच जागेची वाट बघत होते.

त्याचा एक वेगळाच ताप झाला. आता लोकांना मराठी सिनेमातही रुक्माबाई हव्या असायच्या. ग्यानोबांना ते पटेना.

"पडद्यावरची मानसं मराठीच बोलून राहिली. त्येंच्या मधी तू कशाला बोलती?"

"लोकं म्हंतात म्हनून."

"लोकं म्हंतील उद्या मशीनच बंद कर अन् नुसतं बोल."

यावर त्या दोघांचं चार दिवस बोलणं बंद होतं. शेवटी असं ठरलं की रीळ बदलताना रुक्माबाईंनी बोलायचं, मशीन चालू असताना ग्यानोबांचं राज्य. ते दोघांनी शेवटपर्यंत पाळलं, असं ग्यानोबा सांगतात. सासूबाई म्हणतात, अजिबात नाही.

नव्वदच्या आसपास ट्रॅक्टर आले. एका ट्रॉलीची जागा म्हणजे चार गाड्या, आणि ट्रॉलीच्या मागं असलेल्याला काही दिसायचं नाही. रुक्माबाईंनी ट्रॉल्यांची वेगळी रांग केली. मग गावात टीव्ही आले, फाट्यावर व्हिडिओ आला. गाड्या चाळीस झाल्या, पंधरा झाल्या. शेवटचा खेळ असा वेगळा काही झालाच नाही. १९९२ च्या मिरगाला त्यांनी नेहमीसारखा पडदा उतरवला आणि दिवाळीनंतर मशीनचा एक भाग मोडला तो कुठं मिळेना. ग्यानोबा दोन महिने हिंडले, हैदराबादलाही जाऊन आले. मग रुक्माबाईच म्हणाल्या, "राहू द्या आता."

मी त्यांना एकदा विचारलं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "वाटलं की. म्हनून तर दुसऱ्या सालाला ह्येंनी मोटारी भरायचं दुकान टाकलं. मानूस घरात बसला की जास्त वाटतं." ते दुकान, पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं, फाट्यावर वीस वर्षं ग्यानोबांनी स्वतः चालवलं. आता मुलगा धम्मानंद ते चालवतो. रुक्माबाई ९७ साली ग्रामपंचायतीत निवडून आल्या. प्रचाराला त्यांना कुणी लागलं नाही. तांड्याला हातपंप आणि शाळेला संडास ही त्यांनी केलेली कामं. पोलिओच्या डोसाच्या दिवशी आरोग्याच्या ताई अजूनही आधी त्यांच्या घरी जातात, कारण त्या ओट्यावर उभ्या राहून हाक मारतात ती खालच्या आळीपर्यंत जाते.

बरड आता बरड राहिली नाही. सिद्धेश्वर धरणाचं पाणी तिथवर येत नाही, पण माझ्या नवऱ्यानं बोअर घेतला, गाळ टाकला, आणि गेली सहा वर्षं तिथं हळद होते. हळद शिजवायच्या दिवसांत रुक्माबाई येऊन बसतात. काम करू देत नाहीत म्हणून बायकांना नावं ठेवतात, आणि त्यांच्याभोवती बसलेल्या बायकांचं कामही होत नाही.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बरीच वर्षं त्यांना धूसर दिसत होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं. नात ऐश्वर्या हिंगोलीला नर्सिंग शिकते, तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं हट्ट धरला. पट्टी काढायच्या दिवशी मी दवाखान्यात होते. ग्यानोबा समोर स्टुलावर बसले होते. ते आता ऐंशीच्या घरात आहेत आणि इतकी वर्षं जनरेटरशेजारी काढल्यामुळं त्यांना कमी ऐकू येतं.

पट्टी निघाली. रुक्माबाईंनी डोळे उघडले, मिटले, परत उघडले. मग नवऱ्याकडं नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अवं," त्या म्हणाल्या, "तुमी लईच म्हातारे झालात की!"

"काय?" ग्यानोबांनी कानाला हात लावला.

"म्हातारे झालात म्हन्ते!"

"काय म्हंती ही?" त्यांनी ऐश्वर्याला विचारलं.

ऐश्वर्या सांगणार तेवढ्यात रुक्माबाईंनी पुन्हा सांगितलं, या खेपेला पूर्ण आवाजात. शेजारच्या खाटांवरचे पट्टी बांधलेले सगळे पेशंट हसायला लागले, बाहेरून सिस्टर धावत आली. ग्यानोबांना आता ऐकू गेलं होतं. त्यांनी आपल्या डोक्यावरून हात फिरवला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तुला आज दिसलं व्हय? चल मंग घरी."

आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा दुपार होती. रुक्माबाई काळा चष्मा लावून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि दुकानांवरच्या पाट्या एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागल्या. ऐश्वर्यानं सामान धरलं, ग्यानोबा पुढं चालू लागले, आणि आम्ही त्यांच्या मागं मागं घरी आलो.